पंचचा आवाज: स्वॉझल तोंडात धरून बोलायला शिकताना

पहिल्यांदा स्वॉझल तोंडात घातलं तेव्हा आवाज आलाच नाही, नुसती लाळ आली. तिसऱ्या दिवशी जरा फुर्र झालं. आठवड्याने मी मागच्या खोलीत बसून फुंकत होते, तर सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "अगं, कुकर लावलायस का? शिट्टी झाली बघ." कुकर लावलेलाच नव्हता. जमायला लागलंय हे मला तेव्हा कळलं.

स्वॉझल म्हणजे इंग्लंडातल्या 'पंच अँड जूडी' या हातबाहुल्यांच्या खेळातल्या पंचचं नरडं: तोंडात धरून फुंकायची छोटी शिट्टीसारखी वस्तू. पंच म्हटलं की आपल्याला ग्रामपंचायत नाहीतर क्रिकेटचा सामना आठवतो. हा पंच मात्र निवाडा वगैरे करत नाही. लांब नाकाचा, पुढे आलेल्या हनुवटीचा हा कुबडा हातात दांडकं घेऊन समोर येईल त्याला बडवतो: बायको जूडी, पोलीस, डॉक्टर, फाशी द्यायला आलेला जल्लाद, आणि कधी कधी सैतानसुद्धा. तो इटलीतल्या नेपल्सच्या पुल्चिनेल्ला या विनोदी पात्राचा वंशज. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युएल पीप्सने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एका इटालियन माणसाचा बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि डायरीत तशी नोंद केली. ती तारीख पंचचा वाढदिवस मानली जाते. सुरुवातीचा पंच दोऱ्यांवर नाचायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो हातात घालायची बाहुली झाला, कारण असा खेळ एकटा माणूस पाठीवर टाकून गावोगाव नेऊ शकतो. हा खेळ करणाऱ्याला तिकडे 'प्रोफेसर' म्हणतात. डिग्री लागत नाही.

पंचचा आवाज चिरका, किनरा, पत्र्याचा असतो आणि तो गळ्यातून येत नाही. असा आवाज फक्त इंग्लंडातच आहे असंही नाही. इटलीत या वस्तूला पिवेत्ता म्हणतात, रशियात पेत्रुश्का नावाची हातबाहुली पिश्चिकमधून बोलते, इजिप्तची अरागोझ ही बाहुली अमानामधून. अरागोझचा खेळ युनेस्कोने २०१८ मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतला. आणि आपल्या राजस्थानात कठपुतळीवाले तोंडात बांबूची 'बोली' धरतात. बाहुल्या दोऱ्यांच्या असल्या तरी आवाजाची जात तीच. बाजारात, जत्रेत, रस्त्यावर खेळ करायचा तर गर्दी चिरून जाणारा आवाज हवा. शिवाय एकाच माणसाने दोघांचं संभाषण करायचं, तर एकाचा आवाज माणसाचा नसलेलाच बरा. लहान पोरालाही गोंधळ होत नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. हातबाहुली म्हटलं की आपल्याकडे लोकांना रामदास पाध्ये आणि अर्धवटराव आठवतात, आणि मग नवशिके ओठ न हलवता बोलायच्या मागे लागतात. ते शब्दभ्रमाचं शास्त्र, ते वेगळं. इथे तुम्ही कापडी बूथच्या आत लपलेले असता. ओठ हलवा, तोंड वेंगाडा, डोळे फिरवा, कोणी बघत नाही. मी तर बोलताना भुवयासुद्धा नाचवते. त्याने आवाज सुधारतो, निदान मला तरी तसं वाटतं.

वस्तू बनवणं

लहानपणी गवताचं पातं दोन अंगठ्यांमध्ये ताणून धरून फुंकलं असेल तर तत्त्व तुम्हाला माहीत आहे. अंगठ्यांच्या जागी धातूच्या दोन पट्ट्या, पात्याच्या जागी सुती पट्टी.

ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. माझ्या तोंडाला साधारण ३ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद बरोबर बसतात. तुमचं तोंड लहानमोठं असेल तसं बदला. डब्याचा जुना पत्रा वापरू नका, तो गंजतो. तांब्यापितळेची चव दहा मिनिटांत नकोशी होते. परवडत असेल तर सोनाराकडून चांदीच्या पट्ट्या कापून घ्या. चारही कडा कानशीने घासा, कोपरे गोल करा, वर पॉलिश पेपर फिरवा. नंतर पट्टी गालावरून ओढून बघा. जरासुद्धा ओरखडली तर पुन्हा घासा, कारण ती जिभेवर बसणार आहे.

प्रत्येक पट्टीला मध्ये किंचित बाक द्या. दोन्ही बाक बाहेरच्या बाजूला ठेवून पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की समोरून बदामी डोळ्यासारखी फट दिसते. त्या फटीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, पातळ चपटी सुती नाडी ताणून बसवायची आणि उरलेली नाडी दोन्ही टोकांना बाहेरून गुंडाळून रिळाच्या पक्क्या दोऱ्याने करकचून बांधायची. सगळी मेख ताणात आहे. नाडी सैल राहिली तर म्हशीने नाक फुरफुरवल्यासारखा आवाज येतो, फार ताणली तर आवाजच येत नाही. मी पाच बनवली, त्यातली दोन वाजली. पहिल्या प्रयत्नात वाजलं नाही म्हणून तोंडाला दोष देऊ नका. दोष बहुतेक वेळा गाठीत असतो.

बांधतानाच एक लांब, जाड दोरा जास्तीचा सोडा. सरावाच्या दिवसांत हा दोरा तोंडाबाहेर ठेवून त्याचं टोक शर्टाच्या गुंडीला बांधायचं. दोनदा स्वॉझल गिळल्याशिवाय माणूस खरा प्रोफेसर होत नाही अशी त्या लोकांची जुनी थट्टा आहे. थट्टेपुरती ठीक. ही वस्तू घशात अडकली तर जीव जाऊ शकतो. म्हणून बसून सराव करा, झोपून किंवा चालताना नको, आणि कोणी हसवत असेल तर आधी ती तोंडातून काढा. मुलांच्या हातात अजिबात देऊ नका; त्यांनी मागितली तर पिंपळाच्या पानाची पिपाणी करून द्या.

पहिला सूर

वापरण्यापूर्वी स्वॉझल पाण्यात भिजू द्या. कोरडी नाडी बोलत नाही. मग ते जिभेवर आडवं ठेवा, म्हणजे लांब बाजू डावीकडून उजवीकडे. जिभेने ते वर उचला आणि वरच्या दातांच्या मागे, टाळू उंच व्हायला लागतो तिथे दाबून धरा. हवा फक्त मधल्या फटीतून गेली पाहिजे. बाजूने निसटली तर नुसतं हिस्स होतं.

आता बोलू नका. कानगोष्ट सांगताना आपण जसं नुसत्या श्वासावर बोलतो तसं, पण जोर लावून, 'हा' करा. गळ्यावर बोट ठेवून बघा. थरथर लागली तर तुम्ही स्वतःच्या आवाजात बोलताय, आणि मग दोन आवाज एकमेकांत मिसळून चिखल होतो. गळा गप्प, काम सगळं श्वासाचं. हे एकदा बसलं की घसा मुळीच दुखत नाही. नवशिक्या लोकांचा घसा बसतो तो किनरा आवाज गळ्यातून ओढल्याने. स्वॉझलचा हा मोठाच फायदा.

'हा' वाजला की जबडा आणि ओठ हलवत आ, ई, ऊ, ए, ओ. श्वास वाढवला की सूर चढतो, आवरला की उतरतो. पहिला आठवडा एवढंच, रोज दहा मिनिटं. 'हा' धरून सा रे ग म वर-खाली करून बघा. तीन सूर स्वच्छ आले तरी पंचचं निम्मं काम झालं, कसं ते पुढे येईल.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं: पहिल्या दिवसापासून उजवा हात डोक्याच्या वर ताठ धरून सराव करा, कारण खेळात तो तसाच असणार. हात वर गेला की छाती ताणली जाते, श्वास आखूड होतो. मी महिनाभर खुर्चीत आरामात बसून शिकले आणि बूथमध्ये उभी राहिले तेव्हा दोन वाक्यांत दम लागला.

बाराखडी

आता आपल्या भाषेचा फायदा घ्यायचा. इंग्रजी प्रोफेसरांना एबीसीडी. आपल्याकडे अक्षरं तोंडातल्या जागेप्रमाणेच मांडलेली आहेत. क, ख, ग पासून सुरू करा, एकेक वर्ग म्हणा आणि घरातल्या कोणालातरी दुसऱ्या खोलीत बसवून काय ऐकू आलं ते लिहून घ्यायला सांगा. ही यादी तुमच्या तोंडाचा नकाशा आहे. माझी तुमच्या कामाची नाही. तरी साधारण असं होतं.

क आणि प बरे येतात: एकात हवा मागे अडवून सोडायची, दुसऱ्यात ओठांनी. त, ट, ल, र यांना जीभ लागते, आणि जीभ तर कामात अडकलेली, त्यामुळे ही अक्षरं बोबडी होतात. प आणि ब यांच्यातला फरक जवळजवळ पुसला जातो, कारण तो फरक गळ्याच्या थरथरीने होतो आणि गळा आपण बंद ठेवलाय. सगळ्यात वाईट अवस्था म आणि न यांची. ही अक्षरं नाकातून जातात, आणि नाकातून गेलेली हवा स्वॉझलला लागतच नाही. म म्हणायला जावं तर ब होतो.

यावरून माझी पहिली फजिती. आमच्या गल्लीतल्या मुलांसमोर पंचने हवालदाराला हाक मारली, "मामा!" सगळ्यांनी ऐकलं "बाबा!" हवालदार माझ्याच डाव्या हातात होता, मी गडबडले आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा? मी कोणाचा बाबा नाही! माझं अजून लग्न झालेलं नाही!" पोरं लोळली. तो विनोद मी आजही ठेवलाय.

निम्मा आवाज दुसऱ्या बाहुलीचा

या फजितीतून मला पंचच्या आवाजातली मुख्य गोष्ट कळली. नवशिक्याचा सगळा आटापिटा स्वॉझलमधून स्वच्छ बोलण्यासाठी असतो. थोडी स्पष्टता सरावाने येते, पण पूर्ण येत नाही, आणि यायची गरजही नाही. पंचला समजावून सांगणारं कोणीतरी समोर असतंच. राजस्थानात कठपुतळीवाला तोंडातल्या बोलीने बोलतो आणि ढोलकीवर बसलेली बाई त्याचं बोलणं उचलून प्रेक्षकांना सांगते. पेत्रुश्काशी बाजा वाजवणारा माणूस बूथबाहेर उभा राहून गप्पा मारायचा. इंग्लंडात हे काम 'बॉटलर' करतो, जो टोपी फिरवून पैसेही गोळा करतो. आपल्याला यात नवल वाटू नये. शाहिराची ओळ झीलकरी उचलतो, तमाशात सोंगाड्या समोरच्याचा शब्द पकडून त्याचं भलतंच करतो. त्याच घरातली ही रीत.

एकटे असाल तर डाव्या हातातली बाहुली बॉटलर. माझ्या खेळातला एक तुकडा देते. पंचच्या ओळी स्वॉझलमधून, हवालदाराच्या माझ्या साध्या आवाजात.

पंच: काय?
हवालदार: काय म्हणून काय विचारतोस? तुला पकडायला आलोय!
पंच: कोणाला?
हवालदार: कोणाला? इथे दुसरं कोण आहे? तुला!
पंच: का?
हवालदार: का? शेजाऱ्यांची झोप उडवलीस म्हणून का!
पंच: कोकिळा!
हवालदार: को... काय? कोकिळा? तू? तू कोकिळा?
पंच: (कुऊ, कुऊ)
हवालदार: (प्रेक्षकांना) सांगा रे, ही कोकिळा आहे का?

पंचची एकही ओळ एका शब्दापेक्षा मोठी नाही हे बघा. "काय", "कोणाला", "का" हे शब्द अक्षरांमुळे कळत नाहीत, चालीमुळे कळतात. आई दुसऱ्या खोलीतून "जेवलास का?" म्हणते तेव्हा शब्द ऐकू न येताही आपण "हो" म्हणतो ना, तसंच. म्हणूनच वर म्हटलं, तीन सूर आले की निम्मं काम झालं. आणि जिथे शब्द अनपेक्षित आहे, 'कोकिळा'सारखा, तिथे हवालदाराने तो उचललाच पाहिजे, नाहीतर विनोद वाया गेला.

पण प्रत्येक शब्द पोपटासारखा परत म्हणायला लागलात तर दोन मिनिटांत कंटाळा येतो. आलटून पालटून करा: एकदा प्रश्न करून परत विचारा, एकदा चुकीचं ऐका, एकदा नुसतं असं उत्तर द्या की प्रश्न काय होता ते आपोआप कळेल. बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर बोलत असतो तेव्हा पलीकडचं सगळं आपल्याला समजतंच की.

पंचचं एक पेटंट वाक्य असतं. इंग्रजीत ते "दॅट्स द वे टू डू इट!", समोरच्याला आडवं केल्यावर म्हणायचं. मी "कशी जिरवली!" घेतलं. त्यात र आणि ल आहेत, म्हणजे कागदावर वाईट निवड. पण पहिल्यांदा हवालदार कण्हत म्हणतो, "आणि वर विचारतोय, कशी जिरवली!", दुसऱ्यांदा चाल ओळखू येते, आणि तिसऱ्या वेळी पोरंच माझ्या आधी ओरडतात. तुमचं वाक्य शोधताना अर्थापेक्षा ठेका बघा, आणि वाक्याच्या शेवटी दांडक्याचा आवाज येऊ द्या. ते दांडकं दोन फळ्यांचं असतं, एकीवर एक आपटून मोठा चटाक निघतो आणि बाहुलीला लागत नाही. इंग्रजीतला 'स्लॅपस्टिक' हा शब्द अशाच दांडक्यावरून आला.

तोंडातली अदलाबदल

पंच बोलून झाला की स्वॉझल जिभेने सरकवून गालात ठेवायचं, हवालदाराचं वाक्य म्हणायचं, परत टाळूला लावायचं. सांगायला एक ओळ, जमायला काही महिने. आरशासमोर सुरुवात करा: "का?", गाल, "का म्हणून काय विचारतोस?", टाळू, "का?". घाई केलीत तर वस्तू जिभेवर उलटी पडते आणि हवालदार चिरकायला लागतो.

मधली रिकामी जागा झाकायला बाहुल्या आहेत. हवालदार आधी प्रेक्षकांकडे वळतो, मान डोलावतो, मग बोलतो. तेवढ्यात तुमचं स्वॉझल गालात पोचलेलं असतं, आणि प्रेक्षकांना वाटतं काय विचार करतोय बघा. पंच परंपरेने उजव्या हातात असतो आणि जवळजवळ सगळा वेळ वरच राहतो. बाकीची मंडळी डाव्या हातात येतात, मार खातात आणि जातात. जो बोलतोय तोच हलेल, ऐकणारा स्थिर. हे पाळलं नाही तर कितीही वेगळे आवाज काढा, कोण बोलतंय ते कळत नाही. पंच बोलताना तर्जनीने त्याच्या डोक्याला शब्दागणिक एक झटका द्यायचा, तेवढं पुरे. सतत थरथरवलं तर त्याला हिवताप झाल्यासारखा दिसतो.

बाकीचे आवाज

इथे फार कष्ट घेऊ नका. पंच एवढा विचित्र आहे की इतरांनी साधं असावं. जूडीला किनरा आवाज देण्याची बऱ्याच जणांना हौस असते. माझ्या मते चूक, तो पंचच्या आवाजाजवळ जातो आणि तुमचा घसाही बसतो. माझी जूडी माझ्याच पट्टीत बोलते, फक्त भरभर, श्वास न घेता. हवालदार दोन सूर खाली आणि सावकाश. डॉक्टर नाकातून. खेळात येणाऱ्या मगरीला आवाज नकोच, जबड्याची खटखट पुरते.

स्वॉझल काही केल्या जमलं नाही तर फ्रान्समधल्या लियों शहराचा गिन्योल बघा. लोराँ मुर्गे नावाच्या माणसाने १८०८ च्या सुमाराला ही हातबाहुली उभी केली. तो कसलंही यंत्र तोंडात न धरता लियोंच्या रेशीम विणकरांच्या भाषेत बोलतो, आणि ती भाषा हीच त्याची ओळख. आपल्याकडे मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी असताना पात्राला आवाज मिळायला अडचण नसावी. फक्त जी बोली घरात ऐकलीय तीच घ्या. सिनेमा बघून उचललेली वऱ्हाडी नागपूरच्या प्रेक्षकांपुढे एका मिनिटात उघडी पडते.

पहिल्या खेळाच्या दिवशी

एका सोसायटीच्या गणपतीत माझा खेळ पाऊण तास उशिरा सुरू झाला. आधी बक्षीसं, मग भाषणं. खिशातलं स्वॉझल तोवर कोरडं ठणठणीत. पडदा उघडला, पंच वर आला, हात हलवले, आणि काहीच नाही. पहिली दोन मिनिटं पंच मुका होता आणि हवालदार एकटाच बडबडत होता. तेव्हापासून बूथच्या आत, डाव्या हाताला, स्टीलच्या छोट्या डबीत पाणी आणि त्यात दोन स्वॉझलं असतात. दोन, कारण नाडी खेळाच्या मध्येच तुटते.

माइक लावलाच तर तोंडाच्या समोर नको, कॉलरच्या बाजूला. पंचला माइक लागत नाही. त्याच्या फुंकरीने आणि लाळेने स्पीकर नुसता फडफडतो. हवालदाराला मात्र लागतो. शेजारच्या मंडळाचा डीजे चालू असेल तर खेळ पुढे ढकला, तिथे कोणीच टिकत नाही.

घरी आल्यावर स्वॉझल साध्या साबणाने धुऊन, झटकून, उघड्यावर वाळवा. बंद डबीत ओलं राहिलं तर नाडीला बुरशी येते. नाडी पिवळी पडली की बदला, पट्ट्या वर्षानुवर्षं चालतात. प्रत्येकाचं स्वॉझल वेगळं. शिकवणाऱ्याचंही मागून घेऊ नका. आणि सरावाची वेळ शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस मांजराचं पिल्लू शोधत होत्या.